प्राणप्रतिष्ठेआधीची गर्दी (लेखांक ६)

चतुर्थीला अजून आठ-पंधरा दिवस आहेत, पण आगमनाच्या दिवशी चिंचपोकळी स्टेशनात दुपारपासूनच लोकल रिकाम्या होऊ लागतात. एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं मोबाइल उंच धरून पुढे सरकतात. लालबागच्या उड्डाणपुलाखाली मिळेल त्या कठड्यावर माणसं चढलेली. 'चिंचपोकळीचा चिंतामणी' हा गणपती अजून मूर्तिकाराच्या कारखान्याच्या दारातच आहे आणि ताशाची तर्री मात्र सुरू झाली आहे.

शास्त्राच्या हिशेबाने पाहिलं तर तिथे अजून देव नाही.

चतुर्थीला गुरुजी मूर्तीच्या हृदयाशी हात ठेवून मंत्र म्हणतात, तुपात बुडवलेली दूर्वा डोळ्यांना लावतात. देवत्व येतं ते तेव्हा. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवली की ते परत जातं. म्हणजे आगमन आणि विसर्जन, गर्दीच्या या दोन्ही मिरवणुका पोथीतल्या देवाच्या मुक्कामाबाहेरच्या. तरीही मूर्ती कारखान्याबाहेर येताच हात आपसूक जोडले जातात, आणि ते जोडणाऱ्यांना पोथीची अडचण कधी जाणवलेली दिसत नाही.

'चिंतामणी' हे नाव थेऊरच्या अष्टविनायकाचं. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७७२ मध्ये देह ठेवला तो त्याच देवळात. थेऊरचा देव जागचा हलत नाही, भक्तांनी तिथे जायचं. चिंचपोकळीचा चिंतामणी दरवर्षी नव्याने घडतो, रस्त्याने चालत येतो आणि समुद्रात जातो. त्याचं देऊळ म्हणजे बांबू, ताडपत्री आणि वर्गणीची पावतीपुस्तकं.

हे सार्वजनिक मंडळ १९२० चं. शेजारच्या गणेश गल्लीचा उत्सव १९२८ चा, लालबागच्या राजाचा १९३४ चा. दोघांहून चिंचपोकळी वडील, हे इथली जुनी माणसं विषय नसतानाही सांगतात. भोवती तेव्हा कापडगिरण्या होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गडी गाळ्यात दाटीवाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे. पाळी सुटली की रात्री मृदंग आणि टाळ बाहेर निघायचे. गावचं देऊळ दूर राहिलं होतं. जत्रा, भजन, मानपान यांची भूक मंडपात भागत असे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पुढे भोंगे थांबले, गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि चाळींतली पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली. आगमन बहुधा शनिवार-रविवारी ठेवतात, ते या मंडळींच्या सोयीचं पडतं. चतुर्थीला स्वतःच्या घरी गणपती असतो. जुन्या वस्तीत यायला मोकळा दिवस हाच.

चिंतामणी घडवणारे मूर्तिकार विजय खातू २०१७ मध्ये गेले, त्यानंतर कन्या रेश्मा खातू यांनी कारखाना सांभाळला. २०२० मध्ये, मंडळाच्या शंभराव्या उत्सवाच्या पुढच्याच वर्षी, करोनामुळे सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा आली आणि मिरवणुका बंद झाल्या. रस्ता ओस पडला, पूजा मात्र सगळी यथासांग झाली.

मिरवणुका पुन्हा निघू लागल्या, पण रेल्वेरुळांवरचा चिंचपोकळीचा पूल आता थकला आहे. मिरवणुकांच्या दिवसांत महापालिका बजावते: एका वेळी सोळा टनांहून जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका. मग ढोल पुलाच्या तोंडाशी गप्प होतात, कार्यकर्ते दोर धरून 'चला, चला' करत मूर्ती पलीकडे नेतात आणि उतार लागला की टिपरू पुन्हा पडतं.