दाबविद्युत् नॅनोतंतू स्पर्शसंवेदक

दाबविद्युत् नॅनोतंतू स्पर्शसंवेदक हे बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून बनविलेले लवचीक संवेदक होत. दाब, ताण किंवा कंप यांमुळे तंतूंवर विद्युत् प्रभार निर्माण होतो व त्यावरून स्पर्शाची नोंद घेता येते.

तत्त्व
काही पदार्थ दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् प्रभार प्रकट होतात. हा दाबविद्युत् परिणाम झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखविला. १९५० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ एइची फुकादा यांनी तो लाकूड व रेशीम यांतही दाखवून दिला. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसरात ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर रेशमाचे कोश घेतले जातात. रेशीमतंतूचा हा गुण मात्र क्षीण असतो. १९६९ मध्ये हेइजी कावाई यांना पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड (पीव्हीडीएफ) या बहुवारिकात तो पुष्कळच प्रबळ आढळला. या बहुवारिकाच्या ‘बीटा’ रूपात रेणुसाखळीच्या एका बाजूस फ्लुओरीन व दुसऱ्या बाजूस हायड्रोजन येतात, म्हणून ती विद्युत्‌दृष्ट्या ध्रुवित होते.

निर्मिती
बहुवारिकाचा द्राव बारीक सुईतून सोडून सुई व संग्राहक यांच्यात काही हजार व्होल्टचा विद्युत् दाब देतात. द्रावाची धार ताणली जाऊन वाटेतच सुकते व संग्राहकावर तंतूंचा थर साचतो. तंतूचा व्यास बहुधा काहीशे नॅनोमीटर, म्हणजे मानवी केसाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. ताण व विद्युत् क्षेत्र यांमुळे बीटा रूप वाढते. हा थर दोन लवचीक विद्युत् अग्रांमध्ये बसविला की संवेदक तयार होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एकाच दिशेने मांडलेल्या अशा तंतूंनी ०.१ पास्कल इतका अल्प दाब नोंदविला.

उपयोग
नाडी व श्वास यांची नोंद, कृत्रिम हात आणि यंत्रमानवाची त्वचा ही याची प्रमुख क्षेत्रे आहेत. स्पर्शज्ञान गमावलेल्या व्यक्तींच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. कुष्ठरोगात हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. औषधाने जंतू नष्ट झाले तरी गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. मग चुलीवरचे तापलेले भांडे किंवा पायात रुतलेला काटा कळत नाही आणि दुर्लक्षित जखम चिघळून बोटे गमवावी लागतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात अशाच रुग्णांनी शेती व हस्तोद्योग यशस्वी केले. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत हातमोजे व पादत्राणे यांत दाबसंवेदक बसवून धोक्याची सूचना देण्याचे प्रयोग केले. तथापि ते संवेदक महाग व अल्पायुषी होते. शिवाय नकोशी सूचना रुग्ण बंद करून टाकत. पातळ व लवचीक तंतूंमुळे पहिल्या अडचणीवर मार्ग निघू शकतो; दुसरी अडचण मात्र केवळ साहित्य बदलून सुटणारी नाही.

मर्यादा
हे संवेदक दाबातील बदल टिपतात. दाब स्थिर राहिल्यास संकेत ओसरतो. त्यामुळे दीर्घकाळ उभे राहिल्याने तळव्यावर पडणारा भार मोजण्यास अन्य प्रकारचे संवेदक जोडावे लागतात. पीव्हीडीएफ तापमानातील बदलालाही प्रतिसाद देते. उष्ण वस्तूची जाणीव करून देण्यास हा गुण उपयोगी असला, तरी दाबाचा संकेत व उष्णतेचा संकेत वेगळे ओळखणे त्यामुळे कठीण होते.