पाठ केलेली रामरक्षा

आमच्या लहानपणी पंचवटीतल्या वाड्यात दिवेलागणीला दोन गोष्टी हमखास ठरलेल्या असत. एक डास आणि दुसरी रामरक्षा. डासांवर धुपाचा उपाय होता. रामरक्षेवर काही उपाय नव्हता. हातपाय धुऊन देवापुढे मांडी घालावयाची आणि आईच्या लयीत लय मिसळून सुरुवात करावयाची. ३८ श्लोक आणि त्यावर बेपासून तिसापर्यंत पाढे झाल्याखेरीज ताटे मांडली जात नसत. मध्येच कोणी पाहुणा आला, दारावर भाजीवाली आली, तरी उठावयाची सोय नव्हती. स्तोत्र अर्धे टाकून उठू नये, हा आईचा नियम. एकदा गॅसवरचे दूध उतू जाऊन साऱ्या घरात करपट वास सुटला, तरी बाई शेवटचा श्लोक संपवूनच उठल्या!

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, प्राध्यापक झालो आणि व्हावयाचा तसा शहाणाही झालो. अर्थ न कळता म्हटलेले स्तोत्र म्हणजे पोपटपंची, असे मी वर्गात सांगू लागलो. तेवढ्यावर न थांबता घरी आईलाही ऐकवू लागलो. "अगं, तू रोज ज्याचं नाव घेतेस तो जांबवान कोण, हे तरी ठाऊक आहे का तुला?" ती गवार मोडीत बसलेली असे. मान वर न करता म्हणे, "जेवताना तू भाताचा अर्थ विचारतोस का रे?" यावर माझ्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते. रामरक्षा म्हणणे मात्र मी सोडून दिले. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली.

खरे म्हणजे 'स्तुती' हा शब्दच आपल्या भाषेत जरा बदनाम आहे. 'स्तुतिपाठक' म्हटले की डोळ्यांपुढे साहेबाच्या मागेपुढे करणारा कारकून उभा राहतो. म्हणूनच की काय, घरातली वडीलधारी माणसे कधी 'देवाची स्तुती कर' असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, 'देवाचं नाव घे.' आणि गंमत पाहा, लग्न होऊन उंबऱ्याशी आलेल्या नव्या नवरीलाही आपण हेच सांगतो: 'नाव घे!' ती लाजत लाजत उखाणा म्हणते. उखाण्यातल्या रुप्याच्या वाटीला आणि महादेवाच्या पिंडीला फारसा अर्थ नसतो. सारा जीव त्या शेवटच्या नावात असतो. दोन माणसे भेटली की 'राम राम', पहाट म्हणजे 'रामप्रहर', गोष्ट बेचव झाली की 'त्यात राम नाही' आणि माणूस गेला की त्याने 'राम म्हटला'. इतके नाव आपण दिवसभर घेतच असतो; स्तुती करतो आहोत असे मात्र कोणाच्या मनातही येत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि वाचा गेली. ऐकलेले बरेचसे समजे, पण बोलावयास जावे तो शब्द सापडत नसे. पाणी हवे असले तर ती 'त... त...' असे काहीसे म्हणे आणि ते पाणी नव्हे हे तिचे तिलाच कळे. मग डोळ्यांत पाणी येई. मला ती नावाने हाक मारू शकत नव्हती. चाळीस वर्षे ज्या आवाजाने मला उठवले, रागावले, जेवावयास बोलावले, तो आवाज घरात असून नव्हता.

घरी आणल्यावर चौथ्या की पाचव्या संध्याकाळी माझ्या बायकोने देवापाशी निरांजन लावले. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र चाळीत होतो. आतून रामरक्षा ऐकू आली. वाटले, हिने टेपरेकॉर्डर लावला असावा. आत जाऊन पाहतो तो आई उशीला टेकून म्हणत होती! शब्द थोडे जड, पण सलग, जुन्याच लयीत. साधे 'पाणी' जिला म्हणता येत नव्हते, तिच्या तोंडून ते लांबलचक संस्कृत समास घरंगळत बाहेर पडत होते.

शेजारपाजारच्यांनी चमत्कार म्हणून हात जोडले. वाणीचे उपचार करावयास येणाऱ्या बाईंनी मात्र शांतपणे सांगितले की हे नेहमी आढळते. विचार करून वाक्य जुळवण्याचे काम बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या बाजूकडे असते. तेथील एका ठराविक जागेशी वाचेचा संबंध आहे, हे पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टराने १८६१ साली दाखवून दिले. परंतु गाणी, प्रार्थना, आकडे, वारांची नावे, शिव्यासुद्धा, असे जे जे वर्षानुवर्षे घोटलेले असते, त्याची वाट थोडी निराळी असते आणि डावी बाजू दुखावली तरी ते पुष्कळदा शाबूत राहते. मी उत्सुकतेपोटी आणखी वाचले. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ डालिन याने अशाच एका रोग्याची हकीकत नोंदवली आहे. त्या गृहस्थाचे बोलणे आणि उजवे अंग गेले होते, पण आजारापूर्वी शिकलेली देवाची स्तोत्रे तो गात असे आणि प्रार्थना म्हणत असे. कुठे स्वीडन आणि कुठे आमची पंचवटी!

पण 'आकडे' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला होता. एका रात्री कोणी नाही असे पाहून मी हळूच म्हटले, "बे एके बे..." आईने पुढचे चालू केले! बे झाले, तीन झाले, चार झाले, साताच्या पाढ्यात गाडी अडकली. म्हणजे रामाची आणि बेच्या पाढ्याची कोठी एकच म्हणावयाची. माझ्यातल्या प्राध्यापकाला क्षणभर विजय झाल्यासारखे वाटले. मग आईने माझ्याकडे असे काही पाहिले, की मी निमूटपणे दिवा मालवला.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसू लागलो आणि जी रामरक्षा मी निरर्थक म्हणून सोडली होती, ती कधी नीट वाचलीच नव्हती, हे लक्षात आले. बुधकौशिक ऋषींना ती शंकराने स्वप्नात सांगितली आणि त्यांनी सकाळी उठून लिहून काढली, असे स्तोत्रातच आले आहे. तिचा गाभा म्हणजे कवच. डोक्यापासून पायांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या हवाली करावयाचा. आणि ती नावे बहुतांशी कथेच्या क्रमाने येतात. कपाळ दशरथाच्या मुलाकडे, डोळे कौसल्येच्या मुलाकडे, कान विश्वामित्राच्या लाडक्याकडे. नाकापाशी आम्हा नाशिककरांना शूर्पणखा आठवावी, तर ऋषींनी तेथे यज्ञाचा रखवालदार बसवला आहे! आमचा मान पुढे आहे. शरीराचा मध्यभाग खराचा वध करणाऱ्याकडे; आणि तो खर म्हणजे जनस्थानातला, परंपरेने आमच्या या गोदाकाठचा. गुडघे सेतू बांधणाऱ्याकडे, पोटऱ्या रावणाला मारणाऱ्याकडे, पावले बिभीषणाला राज्य देणाऱ्याकडे. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या पहिल्या दशकात गणेश, शारदा, सद्गुरू, संत अशी स्तवने करीत शेवटी चक्क नरदेहाचे स्तवन केले आहे. टाकळीला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी बारा वर्षे तप केले असे सांगतात.

आईला दिवसा सांभाळावयास एक मावशी येतात. आल्यावर 'जय भीम' म्हणतात, डबा ठेवतात आणि कामाला लागतात. त्यांचे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बसलेले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे त्या दाराशी आली आणि दार बंदच राहिले. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. आत रामाचे नाव घेणारे जे होते, त्यांत आमच्या घरातलेही कोणी असतीलच. मावशींनी हे एकदा आईचे केस विंचरताना सांगितले, त्यात कडवटपणा नव्हता. पण मला त्यांच्याकडे पाहवेना. देवाचे नाव तोंडपाठ असणाऱ्यांनी दार लावून घेतले होते, हे माझ्या पोपटपंचीच्या व्याख्यानात कधी आले नव्हते.

त्याच मावशी कार्तिकात मला म्हणाल्या, "सर, आजी मधीच थांबतात बघा. रोज येगळ्या जागी."

"विसरत असेल."

"न्हाई. मला त्यातलं काय कळत न्हाई, पन थांबल्या की माझ्याकडं बघतात. काल थांबल्या तिथं परवा थांबल्या न्हवत्या."

मी त्या संध्याकाळी कान देऊन ऐकले. आई डोक्यापासून निघाली. कपाळ, डोळे, कान, जीभ, गळा, हात. कंबर ओलांडली, मांड्या ओलांडल्या आणि सेतू बांधणाऱ्यापाशी थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. मी काही बोललो नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून निघाली आणि पुन्हा तेथेच थांबली.

"गुडघा दुखतोय?"

तिने मान हलवली. तीन महिन्यांत तिने मला सांगितलेली ती पहिली गोष्ट.

मावशी दारातूनच म्हणाल्या, "परवा गळ्यापाशी थांबल्या हुत्या. पानी पायजे आसंल तवा."

मी तेलाची बाटली आणावयास धडपडत उठलो. आईने डाव्या हाताने माझा सदरा धरून मला खाली बसवले. अजून पोटऱ्या, पावले आणि पुढची फलश्रुती राहिली होती.