बुडेल ते पेरावे

आम्ही पुणे शहरात राहतो. आमच्या ताटात इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात येतो, तो पिकतो मावळात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले.

पण वाण चांगले, म्हणून प्रत्येक दाणा चांगला असतो का? नाही. एकाच लोंबीत काही दाणे टच्च भरलेले असतात, काही अर्धवट भरलेले, तर काही नुसती टरफले. सुपात पाखडले, की टरफले उडून जातात. अर्धवट दाणा मात्र मागे राहतो. वरून तो चांगल्या दाण्यासारखाच दिसतो. पण दाण्यातली शिदोरी खाऊनच कोंब वाढतो ना? शिदोरी थोडी, तर रोप लेचेपेचे.

मग असा दाणा ओळखावा कसा? पाण्याला विचारावे!

पाण्यापेक्षा हलके ते तरंगते, जड ते बुडते. हे आपण रोज पाहतो. साध्या पाण्यात टरफले तरंगतात. पण अर्धवट दाणा लबाड. तो साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असतो, म्हणून चांगल्या दाण्यांबरोबर तोही तळाशी जाऊन बसतो.

यावर उपाय एकच. पाणीच जड करायचे. ते कसे? मीठ घालून. घरी करून पाहा. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते. त्याच पाण्यात मीठ विरघळवत गेलो, की तेच अंडे वर येते. अंडे बदलले नाही, पाणी जड झाले. जपानमध्ये योकोई नावाच्या शास्त्रज्ञाने १८८२ साली भाताचे बी निवडायला हीच युक्ती शोधली.

बियाण्याला मात्र अंड्याइतके मीठ नको. माप असे आहे : १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. मीठ पुरते विरघळू द्यावे. मग बी थोडे थोडे टाकून ढवळावे आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. वर तरंगतील ते दाणे चाळणीने काढून टाकावेत. त्यांत रोगट दाणेही बरेच असतात. तळाशी बसलेले बी लगेच काढून चांगल्या पाण्याने दोनतीनदा धुवावे. मीठ राहिले, तर उगवण बिघडते. मग बी सावलीत वाळवावे. बुरशीचे औषध लावायचे ते यानंतर, कृषी सहायकाला विचारून. उरलेले खारे पाणी शेतात ओतू नये.

एक जपावे. विकतच्या पिशवीतल्या बियाण्याला पुष्कळदा आधीच औषध लावलेले असते. ते मिठाच्या पाण्यात टाकू नये, कोंबड्यांना घालू नये, घरात शिजवू तर नयेच. पिशवीवर तसे छापलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. पिशवी फोडण्याआधी ते वाचावे.

पोचट बी पेरले, तरी चिखलणी चुकत नाही, लावणी चुकत नाही, मजुरीही तेवढीच पडते. कमी होते ते फक्त पीक. म्हणून मृगाच्या आधी एक दिवस काढावा. तरंगेल ते काढावे, बुडेल ते पेरावे.