खिळ्याविना खुर्ची

चामोर्शीत कुणाच्या घरी मिंग काळातली खुर्ची नाही, आणि असण्याचं काही कारणही नाही. पण आष्टी ओलांडून आलापल्लीच्या रस्त्याला लागलं की जे जंगल सुरू होतं, त्यातल्या दोन झाडांचे चुलतभाऊ चीनच्या सर्वांत महागड्या फर्निचरमध्ये जाऊन बसले आहेत. आपला बिजा आणि आंध्रातलं रक्तचंदन एकाच कुळातले. आपलं शिसव आणि हैनान बेटावरचं हुआंगहुआली हेही एकाच कुळातले. आपल्याकडे सारा मान सागवानाला. आलापल्लीचा सहा हेक्टरांचा जुना सागवनाचा तुकडा 2014 साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. चिनी फर्निचरचा शौकीन मात्र सागाकडे ढुंकून पाहणार नाही. त्याला बिजा-शिसवाची भावकी हवी.

या शौकाची मुळं 1567 च्या आसपास शोधावी लागतात. मिंग दरबाराने समुद्री व्यापारावरची बंदी त्या वर्षी सैल केली आणि दक्षिणेकडचं कठीण लाकूड सूझौच्या कारागिरांपर्यंत मुबलक पोहोचू लागलं. मऊ लाकडाला राळेचे थर देऊन झाकावं लागे. हुआंगहुआलीला झाकायची गरजच नव्हती. मधासारखा रंग, रेषा अंगच्याच, आणि धागा इतका दाट की त्यात केसाएवढ्या फरकाचा सांधा कापता येई.

खरी गंमत त्या सांध्यात आहे. खिळा नाही, सरस जवळजवळ नाही. एका तुकड्याचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसतं, तिसरा तुकडा त्या दोघांना अडकवतो, आणि बाहेरून दिसते ती फक्त कोपऱ्यातली तिरपी रेघ. टेबलाचा पृष्ठभाग चौकटीला चिकटवलेला नसतो. चौकटीच्या आतल्या खोबणीत तो मोकळा सरकत राहतो. गडचिरोलीत उन्हाळ्यात दाराला बोट शिरेल एवढी फट पडते आणि पोळ्यापर्यंत तेच दार फुगून लागेनासं होतं, म्हणून इथल्या कोणत्याही वाढयाला या मोकळ्या फळीचं शहाणपण समजावून सांगावं लागणार नाही. लाकूड मेल्यावरही श्वास घेतं, हे मिंग कारागिराने गृहीतच धरलं होतं. म्हणून चारशे वर्षांनी खुर्ची सुटी करून, पुसून, पुन्हा जोडता येते.

रक्तचंदनाची गोष्ट वेगळी आणि थोडी खेदाची. चिनी लोक ज्याला झितान म्हणतात, ते बहुतेक जाणकारांच्या मते शेषाचलमच्या डोंगरातलं रक्तचंदन. पाण्यात बुडेल इतकं जड, जुनं झालं की जवळजवळ काळं. चिंग सम्राटांना त्याचं वेड होतं. आज बीजिंगमध्ये 1999 पासून केवळ या लाकडाचं संग्रहालय आहे, आणि आपल्याकडे त्याच लाकडाच्या तस्करीवर 'पुष्पा'सारखा सिनेमा निघतो. झाड आपलं, कारागिरी त्यांची, किंमतही त्यांनीच ठरवलेली.

तरी ही किंमत फार जुनी नाही. चिनी रसिकांच्या लेखी चित्र, सुलेखन, कांस्य आणि जेड या संग्रहाच्या वस्तू होत्या, फर्निचर बसायला. 1944 साली गुस्ताव एके या जर्मन अभ्यासकाने बीजिंगमध्ये चिनी घरगुती फर्निचरवर ग्रंथ काढला, त्याच्या प्रती निघाल्या अवघ्या दोनशे. मग चिनी अभ्यासक-संग्राहक वांग शिश्यांग (1914–2009) आले. जुन्या बाजारात, भंगारात, पडक्या घरांत जे मिळेल ते त्यांनी गोळा केलं. त्या काळात कठीण लाकडाचं जुनं फर्निचर वाद्यं बनवण्यासाठीही तोडलं जात होतं. 1957 नंतर त्यांच्यावर उजव्या विचारांचा शिक्का बसला, पुढे सांस्कृतिक क्रांतीत श्रमशिबिरही भोगलं. त्यांचा मोठा ग्रंथ आला 1985 साली, आणि 1993 मध्ये त्यांच्या संग्रहातल्या 79 वस्तू शांघाय संग्रहालयात गेल्या. बाजार उभा राहिला तो या पुस्तकानंतर. माझ्या मते गुंतवणूक म्हणून या फर्निचरकडे पाहणाऱ्याने आधी हेच लक्षात घ्यावं: भाव लाकडाने नव्हे, एका हट्टी माणसाच्या अभ्यासाने चढला.

1996 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला ख्रिस्टीजने कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयाचे 107 नग विकायला काढले. एकही परत गेला नाही. एक कोटी बारा लाख डॉलर आले. 2015 मध्ये रॉबर्ट एल्सवर्थ या व्यापारी-संग्राहकाच्या चार गोल पाठीच्या खुर्च्यांचा अंदाज होता आठ ते बारा लाख डॉलर. गेल्या शहाण्णव लाख पंच्याऐंशी हजारांना. यात एल्सवर्थच्या नावाचा भाग किती आणि लाकडाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. आलापल्ली-बल्लारपूरच्या डेपोत लाकडाचा लिलाव घनमीटरवर होतो, गोलाई-लांबी मोजून. न्यूयॉर्कला खुर्ची कुणाकुणाच्या घरातून आली, याचीही मोजणी होते.

महाराष्ट्रात चिनी फर्निचर आलं ते मिंगच्या अभिजात वळणाचं नव्हे. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात, आणि येताना रेशीम, चिनी माती व कोरीव काळं फर्निचर आणत: ड्रॅगन, फुलं, मध्ये संगमरवराची तबकडी. शिसवातलं कोरीव फर्निचर खुद्द मुंबईतही बने, आणि आज जुन्या बाजारात दोघांची गल्लत सर्रास होते. एकोणिसाव्या शतकातलं हे कोरीव सामान मला जरा अति वाटतं, पण पारशी बैठकीत ते शोभतं हे मान्य. चांगल्या चिनी वस्तू पाहायच्या तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटांचा संग्रह आहे. आपल्या भागाला जवळचं म्हणजे हैदराबादचं सालारजंग; तिथल्या चिनी दालनात लाकडाचं आणि जडावाचं काम पाहायला मिळतं.

विकत घ्यायचीच असेल तर खुर्ची आधी उलटी करावी. अस्सल जुन्या खुर्चीची बैठक वेताची विणलेली असे, म्हणून चौकटीच्या कडेला ओळीने भोकं आणि ती बुजवणारी लाकडाची पट्टी सापडते. ओल्या फरशीवर पाय कुजत, म्हणून ते खालून कापलेले असू शकतात. पुढच्या आडव्या पट्टीवर पाय टेकून टेकून झीज होते, ती मधोमध जास्त आणि कडेला कमी. सारखी, गुळगुळीत झीज पाहिली की संशय घ्यावा. पॉलिश पेपरने दोन शतकं एका दुपारी घासून निघतात. दोन मोडक्या खुर्च्यांची मिळून एक चांगली करण्याचा धंदाही जुनाच.

परतावा मोजणाऱ्यांसाठी कायद्याचीही एक अडचण आहे. 1972 चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेऊ देत नाही. शिवाय डालबर्जिया, म्हणजे शिसव आणि हुआंगहुआलीच्या कुळातली सगळी झाडं 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आली आहेत. म्हणजे नागपुरात आणून ठेवलेली जुनी खुर्ची हाँगकाँगच्या लिलावात मांडण्याचं स्वप्न मालकाने सोडावं; गिऱ्हाईक देशातच शोधावं लागेल. आणि प्राप्तिकराचा पेच तर मजेशीर: घरात वापरातलं सामान ही भांडवली मालमत्ता धरली जात नाही, पण कलाकृती धरली जाते. त्या खुर्चीवर रोज कुणी बसतं का, हे विचारायला उद्या एखादा अधिकारी दारात उभा राहिला, तर चहा द्यायला तीच खुर्ची पुढे सरकवलेली बरी.