गढूळ पाण्यातील कान

नदीत डुंबणाऱ्या मुलांना एक गंमत ठाऊक असते. एकाने बुडी मारावी आणि दुसऱ्याने काही अंतरावर पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटावेत. तो आवाज बुडी मारणाऱ्याला अगदी कानाशी झाल्यासारखा वाटतो; परंतु तो कोणत्या बाजूने आला, हे त्याला सांगता येत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर. एवढ्या वेगापुढे माणसाचे कान गोंधळतात.

डॉल्फिनचे कान मात्र पाण्यासाठीच घडलेले आहेत. रायगड जिल्ह्यात अंबा नदी रोहा तालुक्यातील नागोठण्यावरून पेण तालुक्यात येते व धरमतरच्या खाडीला मिळते. कुंडलिका रोह्याजवळून वाहत जाऊन रेवदंड्याला समुद्र गाठते. या भागातील उथळ समुद्रात, किनाऱ्यालगत, बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा पाठीवर असलेले डॉल्फिन आढळतात. कोकणात डॉल्फिनला 'गादा' असेही म्हणतात. हा मासा नव्हे; हवेत श्वास घेणारा व पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याची ही जात आता संकटग्रस्त मानली जाते.

खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून डॉल्फिन जणू कानांनीच पाहतो. डोक्यातून तो 'टक् टक्' असा तीक्ष्ण ध्वनी सोडतो. मासा, खडक किंवा जाळे यांवर आदळून आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून आतल्या कानाकडे पोहोचतो. सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही. डॉल्फिनला एक लाखाहून अधिक कंपनांचाही येतो.

आज धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे माल नेणारे बार्ज ये-जा करतात. कोळ्यांच्या होड्यांनाही इंजिने आली आहेत. यंत्राचा पंखा पाण्यात वेगाने फिरला, की असंख्य बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात आणि मोठा गोंगाट होतो. पुलासाठी पात्रात खांब ठोकताना होणारा आवाज तर याहूनही कठोर असतो.

पिठाच्या गिरणीत उभ्या असलेल्या माणसाचे कान शाबूत असतात, तरी शेजाऱ्याचे बोलणे त्याला कळत नाही. डॉल्फिनचेही तसेच होते. भक्ष्याचा प्रतिध्वनी गोंगाटात बुडतो. आई व पिलू एकमेकांना घालतात ती शीळही बुडते. आवाज फारच मोठा असला, तर आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी दुखावतात. कधी हे बहिरेपण काही तासांनी ओसरते. पण नष्ट झालेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. बहिरा डॉल्फिन म्हणजे गढूळ पाण्यातला आंधळाच.

जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत वाहून आला आणि तेथेच मरण पावला. अशा प्रत्येक मृत्यूचे खापर आवाजावर फोडणे योग्य नव्हे. रोग, जखम, भूक अशी कारणेही असतात. परंतु मार्च २००० मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकेच्या आरमाराने शक्तिशाली ध्वनियंत्रे वापरली, तेव्हा डझनाहून अधिक देवमासे किनाऱ्याला लागले. मेलेल्यांच्या कानांजवळ रक्तस्राव आढळला, आणि या घटनेचे कारण ती ध्वनियंत्रेच असावीत, हे पुढे चौकशीत मान्य झाले.

याच्या उलट अनुभव कॅनडाच्या फंडी उपसागरात आला. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यानंतर तेथील जहाजांची वर्दळ एकाएकी घटली व पाणी शांत झाले. संशोधक त्या सुमारास देवमाशांची विष्ठा गोळा करीत होते. तिच्यातील, शरीरावरचा ताण दाखवणारी द्रव्ये त्या दिवसांत कमी झालेली आढळली.

विष पाण्यात मिसळले, की वर्षानुवर्षे राहते. आवाज यंत्र थांबताच नाहीसा होतो. जहाजाने वेग कमी केला, तर बहुधा त्याचा गोंगाटही उतरतो. काही देशांत समुद्रात खांब ठोकताना भोवती तळाशी नळी अंथरून तिच्यातून हवा सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांचा पडदा बराचसा आवाज आतच अडवतो.