ड्रॉइंग टॅब्लेट घ्यायचाय? आधी गिऱ्हाईक ठरवा, मग टॅब्लेट



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कळंबोलीत आपल्या वर्गाला एक ताई आल्या होत्या. हात फार सुरेख. सोसायटीतल्या हळदीकुंकवाची पाटी असो नाहीतर रुखवतावरची नावं, लोक त्यांनाच बोलावायचे. वर्ग संपल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, डिजिटल काम सुरू करतेय. २२,००० चा स्क्रीनवाला टॅब्लेट बघून ठेवलाय, उद्या ऑर्डर टाकते. फक्त कंपनी कुठली चांगली ते सांगा."

मी विचारलं, "पहिलं काम कोणाचं करणार?"

ताई म्हणाल्या, "आधी टॅब्लेट तर येऊ दे."

पुढे बोलता बोलता कळलं, ते २२,००० मुलाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. फी जूनमध्ये भरायची होती. म्हणजे सात महिन्यांत टॅब्लेटने स्वतःचे पैसे परत मिळवून द्यायलाच हवे होते.

व्हिडिओमध्ये मी टॅब्लेट दाखवले, पण हिशोब सांगायला वेळ पुरला नाही. तो इथे सविस्तर लिहितोय.

टॅब्लेटचे तीन प्रकार

पहिला, बिनस्क्रीनचा. काळी सपाट पाटी आणि एक पेन. हात पाटीवर चालतो, चित्र समोरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटतं. साधारण तीन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत मिळतो.

दुसरा, स्क्रीनवाला. यात स्क्रीनवरच पेन टेकवून काढता येतं. पण लक्षात ठेवा, हा स्वतः चालत नाही, त्यालाही कॉम्प्युटर लागतोच. शिवाय लॅपटॉपला एचडीएमआय किंवा योग्य प्रकारचा यूएसबी-सी पोर्ट हवा. साधारण पंधरा-वीस हजारांपासून पुढे.

तिसरा, आपल्या ओळखीचा टॅब. आयपॅड आणि त्याची पेन्सिल, किंवा एस-पेनवाला सॅमसंग. याला कॉम्प्युटर लागत नाही, कुठेही बसून काम होतं. पण पेन धरून बजेट वीस-पंचवीस हजारांपासून चढत जातं.

भाव रोज बदलतात, सेलमध्ये खाली येतात. म्हणून आकडे पाठ करू नका, तिघांमधला फरक लक्षात ठेवा.

गिऱ्हाईक कुठे आहे?

कळंबोलीत राहणाऱ्यांनी जरा घराबाहेर नजर टाकावी. इथे लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे इथूनच सुरू होतो. ट्रक, ट्रेलर, टेम्पो यांची दिवसरात्र ये-जा असते. प्रत्येक गाडीवर काही ना काही लिहिलेलं असतं: मालकाचं नाव, ट्रान्सपोर्टचं नाव, कुलदैवताचं नाव. ते काम रेडियमवाला करतो. त्याच्याकडे कटिंगचं मशीन असतं, पण अक्षरं बहुतेक कॉम्प्युटरमधल्या त्याच त्याच फॉन्टमधली. पाच गाड्या एका रांगेत उभ्या केल्या तर पाचही जणांची आई एकवीरा सारखीच दिसते!

तिथे तुमचा हात विकला जाऊ शकतो. तसंच फ्लेक्सवाले, पत्रिका छापणारे, केकवाल्या ताई, पापड-मसाल्याचं पाकीट काढणारे बचत गट. या सगळ्यांना नाव हवं असतं, आणि ते दुसऱ्यासारखं नको असतं.

अक्षराची ताकद मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली, की पेपरातली जाहिरात लांबून बघूनही नाटक ओळखू यायचं. तीच गोष्ट छोट्या प्रमाणात मसाल्याच्या पाकिटावरही होऊ शकते.

आता हिशोब

समजा एका नावाचं अक्षरकाम करून, जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता, तुमच्या हातात ३०० रुपये उरतात. सुरुवातीला आठवड्याला दोन कामं मिळतात असं धरू.

४,५०० चा बिनस्क्रीनचा टॅब्लेट: १५ कामांत पैसे वसूल. म्हणजे साधारण दोन महिने.

२२,००० चा स्क्रीनवाला: ७४ कामं. म्हणजे ३७ आठवडे, जवळपास नऊ महिने.

ताईंना जूनपर्यंत सात महिने होते. उत्तर तिथेच मिळालं.

आणि यात गंमत अशी, की गिऱ्हाईक दोन्हीकडे ३००च देणार. अक्षर कुठल्या टॅब्लेटवर काढलं हे रेडियमवाला विचारत नाही. स्क्रीनवाला टॅब्लेट वाईट नाही. रोज सहा-सात तास चित्रं काढणाऱ्याचा वेळ तो नक्की वाचवतो. पण तुमच्याकडे आधी तेवढं काम हवं.

"सर, हप्त्याने घेतला तर?" हा प्रश्न हमखास येतो. हप्ता हा खर्च पुढे ढकलतो, कमी करत नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं, पण ते हातात ऑर्डरी असताना घ्या. ऑर्डर नसताना घेतलेलं कर्ज घरखर्चातूनच फेडावं लागतं.

बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे

दुकानदार सगळ्यात आधी "प्रेशर लेव्हल" सांगतो. २०४८, ४०९६, ८१९२, आता तर १६३८४ सुद्धा. पेन किती जोरात दाबलं याच्या किती पायऱ्या टॅब्लेट ओळखतो, तो हा आकडा. शिकणाऱ्याच्या हाताला २०४८ आणि ८१९२ मधला फरक सहसा जाणवतही नाही. फक्त या आकड्यासाठी दोन हजार जास्त देऊ नका.

दुसरी गोष्ट, पेन. बिनबॅटरीचा पेन घ्या. हे काम कसं होतं ते थोडक्यात सांगतो. टॅब्लेटच्या आत तारांची जाळी असते. ती बारीकसं चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातली कॉइल त्यावर चालते आणि आपली जागा आणि दाब परत कळवते. त्यामुळे पेनात सेल नाही, चार्जिंग नाही, पेन हलका. वॅकॉम या जपानी कंपनीने हे तंत्र रुळवलं, आता ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन यांच्या स्वस्त टॅब्लेटमध्येही ते मिळतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, काम करायची जागा. बॉक्स किती मोठा ते बघू नका, पेन प्रत्यक्ष चालतो तो भाग मोजा. ६ बाय ४ इंचात फक्त मनगट हलतं, ९-१० बाय ६ इंचात कोपरापासून हात फिरतो. नावं, लोगो, छोटी चित्रं यांना लहान पुरतो. लांब फटकारे मारायची सवय असेल, तर थोडे पैसे घालून मधला घ्या. फार मोठा घेतलात तर टेबलावर लॅपटॉप ठेवायला जागा उरत नाही. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. माझा पहिला टॅब्लेट अजून कपाटावर आहे.

फोनला लावून चालवायचा असेल तर आधी त्या मॉडेलवर अँड्रॉइड चालतं का ते बघा. चाललं तरी बऱ्याच मॉडेलमध्ये फोनला लावल्यावर पाटीचा थोडाच भाग काम करतो.

देवनागरीची वेगळी गोष्ट

यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू बाहेरच्या चित्रकारांचे असतात. आपलं अक्षर वेगळं आहे.

बोरूने किंवा कट निबने लिहिलेलं आठवा. 'क'चा दांडा जाड आणि वळण बारीक का येतं? जोरात दाबल्यामुळे नाही. निबचं टोक चपटं असतं आणि ते आपण तिरकं, एकाच कोनात धरतो, म्हणून. म्हणजे देवनागरी सुलेखनात दाबापेक्षा कोन मोठा.

साध्या पेनाला मात्र तो बोटांत गोल फिरवला तर कळत नाही. त्यासाठी वेगळे महागडे पेन येतात. ते घ्यायची गरज नाही. सॉफ्टवेअरमध्ये चपटा ब्रश निवडा, त्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास पक्का करा, दाबाने जाडी बदलणं बंद करा. चार हजारांच्या टॅब्लेटवर बोरूसारखं अक्षर येतं. शिरोरेखा थरथरत असेल तर सरळ रेषेचं टूल वापरा, त्यात कमीपणा नाही.

सॉफ्टवेअर आणि फाइल

क्रिता हे चित्रांसाठी, इंकस्केप हे व्हेक्टरसाठी. दोन्ही फुकट, दोन्ही धंद्यासाठी वापरायला परवानगी. चोरून टाकलेलं सॉफ्टवेअर वापरू नका. त्यातून व्हायरस आला तर गिऱ्हाइकाच्या फाइली जातात.

व्हेक्टर म्हणजे काय? कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत अशी फाइल. रेडियमचं मशीन रेषेवरून सुरी फिरवतं, म्हणून त्याला व्हेक्टरच लागतं. तुम्ही क्रितात अक्षर काढा, इंकस्केपमध्ये ट्रेस करा, कडा साफ करा आणि रेडियमवाल्याला त्याच्या मशीनला चालेल त्या प्रकारात द्या. पहिल्याच भेटीत विचारा, "दादा, तुम्हाला फाइल कशात लागते?" या एका प्रश्नाने तुम्ही कामाचे वाटता.

छपाईचं एवढं लक्षात ठेवा: पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डाला ३०० डीपीआय, फ्लेक्सला पूर्ण मापात ७२ ते १०० पुरतो. स्क्रीनवरचा चमकता हिरवा-निळा छापल्यावर मंद होतो, म्हणून पहिल्या कामाचा छोटा नमुना छापून बघा.

तयार फॉन्ट जोडीला वापरणार असाल तर परवाना बघा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यात आहेत, धंद्यासाठी वापरता येतात. आणि वाढदिवसाच्या बॅनरवर दुसऱ्याचं कार्टून चिकटवून विकू नका.

घेताना तपासायच्या गोष्टी

शक्य असेल तर ऑनलाइन घेण्याआधी पनवेलला किंवा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन एकदा हात लावून बघा. मग:

१. पट्टी ठेवून तिरकी रेष अगदी हळू ओढा. रेष नागमोडी आली तर तो नग नको. सेकंडहँड घेताना ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

२. यूएसबीची पिन हलवून बघा. ढिली असेल तर मधेच संपर्क तुटतो.

३. जादा निब किती मिळतात ते विचारा. निब झिजतात. आणि पेन हरवला तर त्या मॉडेलचाच लागतो, म्हणून तो वेगळा मिळतो का, केवढ्याला, हे आधीच बघा.

४. बिल तुमच्या नावावर घ्या, वॉरंटी किती ते लिहून घ्या.

५. ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरूनच टाका. आधी दुसऱ्या टॅब्लेटचा ड्रायव्हर असेल तर तो काढा, दोघांचं भांडण होतं. दाब चालत नसेल तर टॅब्लेट परत पाठवण्याआधी ड्रायव्हरमधलं विंडोज इंक चालू-बंद करून बघा. बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.

घरी आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होणार. हात खाली, नजर वर, रेष भलतीकडे. रोज अर्धा तास बाराखडी गिरवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात बसतो.

ताईंचं पुढे काय झालं?

त्यांनी साडेचार हजारांचा घेतला. पण त्याआधी मी एक अट घातली होती: कागदावर दहा नावं काढा, फोनवर फोटो काढा आणि तीन दुकानांत दाखवा. दोघांनी "बघू" म्हटलं. तिसऱ्या रेडियमवाल्याने एका टेम्पोचं नाव करून मागितलं. टॅब्लेट त्या ऑर्डरनंतर आला.

पैसे वसूल व्हायला दोनऐवजी साडेतीन महिने लागले. काही गिऱ्हाइकांनी चार-चार वेळा बदल करून घेतले आणि जादा पैसे दिले नाहीत. आता त्या आधीच सांगतात, "दोन बदल फुकट, तिसऱ्याचे पन्नास." जूनमध्ये फी वेळेवर भरली. स्क्रीनवाला टॅब्लेट अजून घेतलेला नाही. "कामं आठवड्याला पाच झाली की बघू," म्हणतात.

तर तुमचा गृहपाठ. आज टॅब्लेटचे रिव्ह्यू बघू नका. कागद घ्या, आसपासच्या तीन दुकानांची नावं लिहा, प्रत्येकाला काय विकता येईल आणि केवढ्याला, ते समोर लिहा. उद्या ती तीन दुकानं फिरून या. आणि तिथे काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. "नाही" मिळालं तरी कळवा, त्यावर पुढचा व्हिडिओ करू.