हेल्डचा पेला

रात्री वीज गेलेली असते, स्वयंपाकघरात भांडं पडतं आणि मांजर ओट्याच्या डाव्या टोकाला आहे की उजव्या, हे बॅटरी सापडायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. या क्षुल्लक गोष्टीने मला कित्येक वर्षं छळलं आहे. बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाशी पोहोचायला फार तर सेकंदाचा दीड हजारावा हिस्सा उशीर करतो. माणसाला तर सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही ओळखता येतो. चेतापेशीचा एकेक विद्युत्-स्पंद मात्र साधारण हजारावा भाग टिकतो. म्हणजे हातात गजपट्टी आणि मोजायची आहे सुताची जाडी!

या कोड्याचा माग काढत गेलं की आपण लाइपझिगला, हान्स हेल्डच्या दारात जाऊन उभे राहतो. 1893 साली त्याने मेंदूतल्या श्रवणमार्गावर एक प्रबंध छापला. कानाकडून आलेले जाडजूड तंतू मस्तिष्कस्तंभात बाजू ओलांडतात आणि पलीकडच्या पेशीला जाऊन अक्षरशः कवटाळतात, असं त्याला दिसलं. एका पेशीला एकच तंतू. टोकाचा आकार फुलाच्या पेल्यासारखा. आज त्याला ‘कॅलिक्स ऑफ हेल्ड’ म्हणतात.

इथे भांडणाला तोंड फुटतं. चेतापेशी एकमेकींपासून सुट्या असतात, असं स्पेनचा काहाल म्हणत होता. लाइपझिगमध्येच शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक असलेले विल्हेल्म हिस हेही त्याच मताचे. हेल्ड मात्र पुढे विरुद्ध गोटात गेला. कोवळ्या वयात पेला आणि पेशी यांच्यामध्ये सीमा असते, वाढ झाली की दोघं एकजीव होतात, असं तो म्हणू लागला. मला हा माणूस हटवादी वाटतो, पण आळशी अजिबात नाही. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून दोघांमधली फट दिसणं शक्यच नव्हतं. तिची रुंदी मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या हिश्शाच्या आसपास. न दिसणाऱ्या फटीवर काहालने विश्वास ठेवला, हेल्डने ठेवला नाही, एवढंच. 1906 चं नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं, तेव्हाही विरुद्ध गोटातल्या गोल्जीने आपल्या भाषणात काहालच्या मताला झोडपलंच. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फट दाखवली. हेल्ड तोवर हयात नव्हता.

मग त्याचा पेलाच प्रयोगशाळांचा लाडका झाला. मेंदूतली बहुतेक टोकं इतकी चिमुकली की त्यांच्यावर नोंद घेणारी काचनळी टेकवणं अशक्य. हा पेला मात्र अवाढव्य. 1994 मध्ये लेस्टरच्या इयन फोरसाइथने उंदराच्या पेल्यातूनच थेट नोंदी घेतल्या. पुढच्याच वर्षी हायडेलबर्गला बोर्स्ट, हेल्मखेन आणि साकमान यांनी पेला आणि खालची पेशी या दोन्हींच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या.

त्यातून जे उलगडलं ते असं. दोन पेशींमधल्या साध्या सांध्यात, म्हणजे सिनॅप्समध्ये, रसायन सोडायच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे निरोप कधी पोहोचतो, कधी हुकतो. पेल्यात त्या पाचशेहून जास्त. एका स्पंदासरशी ग्लुटामेट या रसायनाच्या शंभराहून अधिक पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, रित्या होतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त. सेकंदाला शेकड्यांनी स्पंद येऊ लागले की साठा आटतो, तरी उरलेला पुरून उरतो. पोटॅशियमच्या शीघ्र वाटा प्रत्येक स्पंद चटकन विझवतात, म्हणजे पुढच्याला मैदान मोकळं. शिवाय पलीकडचे ग्राहक रेणूही झटपट उघडून मिटणारे. म्हणून आवाजाची वेळ पुढे जाताना फारशी घसरत नाही आणि दोन कानांतला तो सूक्ष्म फरक टिकून राहतो.

वाढत्या वयाबद्दल हेल्डचं निम्मं बरोबर होतं, हे मला सगळ्यात आवडतं. बदल खरोखरच होतो. उंदराच्या पिल्लाचे कान बाराव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, त्या दिवसांत अखंड पेल्याला भोकं पडू लागतात आणि त्याची बोटं बोटं होतात. सांडलेलं ग्लुटामेट त्या भोकांतून लवकर निघून जातं. एकजीव मात्र कुणी होत नाही.

1990 मध्ये गिनन आणि ली यांनी मांजराच्या मेंदूतून घेतलेल्या नोंदींत हे वेगळेपण सरळ दिसतं. आधी एक बारीकसा उंचवटा, तो पेल्याचा. मग जेमतेम अर्धा मिलिसेकंद काहीच नाही. आणि मग पेशीचा उंच सुळका.